बोबा आतून कच्चा, बाहेरून गिळगिळीत: घरच्या बबल टीतील नेहमीच्या अडचणी आणि त्यांचे निवारण

घरी बबल टी करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबतात. चहा जमतो, दूधही जमते, पण पेल्याच्या तळाशी बसणारे टॅपिओकाचे काळे मोती, ज्यांना आता सर्रास बोबा म्हटले जाते, ते काही केल्या जमत नाहीत. कधी पाण्यात पडताच त्यांचा गाळ होतो, कधी वरचा थर गिळगिळीत होऊन आत पिठाळ कणी तशीच राहते, तर कधी पातेल्यातून काढताना अगदी नेमके वाटलेले मोती बर्फाच्या चहात गेल्यावर थोड्याच वेळात चामट लागू लागतात. मग पुढच्या वेळी पाकीट बदलले जाते, दुकान बदलले जाते, आणि दोष मात्र जिथल्या तिथे राहतो.

दोष बहुधा पाकिटात नसतो. मराठी स्वयंपाकघराला साबुदाणा पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे आणि बोबाही त्याच कंदाच्या स्टार्चपासून बनत असल्यामुळे आपला हात नकळत साबुदाण्याच्या वळणाने चालतो. आधी भिजवायचे, मग थोडक्यात वाफ आणायची, उरले तर डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायचे, हा क्रम खिचडीसाठी बरोबर आहे. बोबासाठी यातली प्रत्येक पायरी उलटी पडते.

पाण्यात पडताच भुगा होणे

साबुदाणा आणि बोबा या दोहोंचे मूळ कसावा, म्हणजेच टॅपिओकाचा कंद. फरक आहे तो घडणीत. तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात, जिथून आपल्याकडचा बराचसा साबुदाणा येतो, तिथे ओल्या स्टार्चचे दाणे वळून ते तापलेल्या तव्यांवर भाजले जातात आणि नंतर उन्हात वाळवले जातात. त्या भाजण्यात स्टार्चचा काही भाग शिजून दाण्याला आकार धरून ठेवतो. म्हणून साबुदाणा गार पाण्यात रात्रभर राहिला तरी विरघळत नाही, उलट पाणी शोषून मोकळा फुलतो. बबल टीसाठी पाकिटात मिळणारे सुके मोती बहुतेक करून कच्च्या स्टार्चचे असतात. गार पाण्यात त्यांना बांधून ठेवणारे काहीच नसते, त्यामुळे भिजत घातले की त्यांचे कडे सुटतात आणि भांड्याच्या तळाशी तपकिरी चिखल साचतो. हे मोती धुवायचेसुद्धा नाहीत. पाकिटातला सुटा भुगा नकोसा वाटत असेल, तर मोती कोरडेच चाळणीवर हलवून घ्यावेत.

कसावाचा स्टार्च साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी शोषून फुगतो आणि जेलसारखा होतो. खळखळत्या पाण्यात मोती पडला की त्याचा बाहेरचा थर क्षणात शिजून एक पातळ कवच तयार होते आणि पुढचा सगळा वेळ तेच कवच मोत्याला सांभाळते. पाणी नुसते कढत असेल, किंवा थोड्या पाण्यात पुष्कळ मोती एकदम टाकल्यामुळे उकळी बसली असेल, तर कवच धरण्याआधीच स्टार्च सुटून पाण्यात मिसळतो, पाण्याची खळ होते आणि मोती एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा बनतो. म्हणून १०० ग्रॅम मोत्यांना किमान १ लिटर पाणी घ्यावे, पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच मोती हळूहळू सोडावेत आणि पहिला मिनिटभर लाकडी उलथन्याने तळापासून अलगद ढवळत राहावे. पाणी भरपूर घेण्याबाबत काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. चिकटण्याच्या निम्म्या तक्रारी केवळ पातेले लहान असल्यामुळे येतात.

अवघ्या पाच मिनिटांत शिजणारे म्हणून विकले जाणारे मोती आधीच अर्धवट शिजवलेले असतात. त्यांना पुढे दिलेल्या वेळा लागू होत नाहीत, तिथे पाकिटावरची सूचनाच पाळावी.

आत कणी राहणे

ही सर्वांत सार्वत्रिक अडचण आहे आणि तिचे मूळ कळल्याशिवाय ती जात नाही. मोती दोन-तीन मिनिटांत वर तरंगू लागतात आणि अनेकांना ती शिजल्याची खूण वाटते. तसे नाही. तरंगणे एवढेच सांगते, की बाहेरचा थर फुगला. मोती शिजला की नाही हे पाहण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे: एक मोती बाहेर काढून, गार पाण्याखाली धरून, धारदार सुरीने मधोमध कापावा आणि उजेडाकडे धरून पाहावा. कडेला काचेसारखा पारदर्शक थर दिसतो, त्याच्या आत थोडा धुरकट पट्टा असतो आणि अगदी मध्यभागी पांढरा, अपारदर्शक ठिपका. तो ठिपका म्हणजे न शिजलेले कोरडे पीठ. तो ज्वारीच्या दाण्याएवढा असेल तर अजून आच हवी. मोहरीएवढा उरला असेल तर आच बंद करण्याची वेळ आली आहे.

ठिपका पूर्ण जाईपर्यंत उकळत राहायचे नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण स्टार्च शिजायला उष्णता आणि पाणी दोन्ही लागतात आणि ती दोन्ही मोत्याच्या गाभ्यापर्यंत एकाच वेगाने पोहोचत नाहीत. उष्णता लवकर पोहोचते, पाण्याला मात्र आधीच शिजून घट्ट झालेल्या जेलच्या थरातून वाट काढत सावकाश आत जावे लागते. या काळात वर सतत उकळी चालू ठेवली, तर खळबळीने बाहेरचा थर झिजत राहतो आणि गाभा मात्र पाण्याची वाट पाहत कोरडाच राहतो. बाहेरून गिळगिळीत व आतून कच्चा, असा विरोधाभासी वाटणारा दोष त्यातूनच येतो. आच वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आच बंद करून झाकण ठेवायचे आणि मोती त्याच गरम पाण्यात मुरू द्यायचे, म्हणजे पाणी शांतपणे आत शिरते, आणि पातेल्यातले तापमान बराच वेळ शिजण्याच्या मर्यादेच्या वरच राहत असल्याने तो शेवटचा ठिपकाही पारदर्शक होतो.

आठ-नऊ मिलिमीटरच्या नेहमीच्या सुक्या मोत्यांना तरंगल्यानंतर मध्यम आचेवर, झाकण किंचित कलते ठेवून, २० ते २५ मिनिटे शिजवणे आणि नंतर आच बंद करून तितकाच वेळ पूर्ण झाकून ठेवणे, हे प्रमाण बहुतेक पाकिटांना लागू पडते. पातेले पातळ बुडाचे असेल आणि लवकर गार होत असेल, तर मुरत ठेवताना त्यावर जाड टॉवेल गुंडाळावा. पंख्याखाली उघड्या ओट्यावर ठेवलेल्या पातेल्यात हा टप्पा हमखास फसतो.

या टप्प्यात दोन गोष्टी टाळाव्यात. पहिली म्हणजे शिजवण्याच्या पाण्यातच साखर किंवा गूळ घालणे. मोती आतपर्यंत गोड व्हावेत असा हेतू असतो, पण साखर स्वतः पाणी धरून ठेवते, स्टार्चला मिळणारे पाणी कमी होते आणि त्याला फुगण्यासाठी लागणारे तापमानही वाढते. परिणामी कणी अधिक हट्टी होते. मोती साध्या पाण्यातच शिजवावेत आणि गोडवा नंतर पाकात द्यावा. दुसरी म्हणजे वेळ वाचवण्यासाठी प्रेशर कुकर वापरणे. स्टार्चचे पाणी फेसाळून वर येते आणि त्या फेसाने शिटीची वाट बुजू शकते. पाऊण तास वाचवण्यासाठी ही जोखीम घेऊ नये.

मुरलेले मोती गाळणीवर ओतून लगेच गार पाण्याच्या धारेखाली धरावेत आणि हाताने हलके फिरवत राहावे, म्हणजे बाहेरचा सैल, बुळबुळीत स्टार्च निघून जातो आणि कवच आवळते. धुण्याचे पाणी स्वच्छ दिसू लागले की पुरे. तिथून पुढे मोती उघडे ठेवायचे नाहीत. ते तडक पाकात गेले पाहिजेत, नाहीतर पाचच मिनिटांत गाळणीच्या आकाराचा एकसंध गठ्ठा मिळतो.

पाक आणि सुरकुत्या

पाकाबाबत आपल्याकडे एकतारी, दोनतारी अशी पारख असल्यामुळे इथे चूक नेमकी जास्त कौशल्यातून होते. बोबासाठी तार येऊ द्यायची नाही. समभाग साखर आणि पाणी, किंवा समभाग गूळ आणि पाणी, एकदा उकळून विरघळले आणि गाळून घेतले की पाक तयार. पाक फार दाट झाला, तर तो मोत्यातले पाणी ओढून घेतो. मोती आकसतात, वर सुरकुत्या पडतात आणि चावताना ते रबरी लागतात. पाक पातळ असेल, तर मोती त्यात फुगत राहून मऊ पडतात. पाक कोमट असताना मोती त्यात घालून अर्धा तास ठेवावेत. चव आत उतरते आणि वरून चकाकीही येते.

थोड्या वेळाने चामट, दुसऱ्या दिवशी खडे

शिजलेल्या स्टार्चमध्ये रेणूंच्या विस्कटलेल्या साखळ्या असतात आणि त्या थंड होताना पुन्हा एकमेकींजवळ येऊन रचल्या जाऊ लागतात. रचना घट्ट होते, धरलेले पाणी बाहेर पडते आणि पदार्थ कडक, अपारदर्शक होतो. शिळा भात फ्रीजमध्ये ताठरतो तो याच कारणाने. ही फेररचना सर्वांत वेगाने होते ती गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकी घरच्या फ्रीजच्या मुख्य कप्प्यात. त्यामुळे उरलेले मोती जपून ठेवण्यासाठी आपण जी जागा निवडतो, तीच त्यांच्यासाठी सर्वांत वाईट असते. पाकात बुडवून ठेवले तरी वेग थोडा कमी होतो इतकेच.

तैवानातील चांगली चहाची दुकाने म्हणूनच दिवसातून अनेकदा ताजे मोती शिजवतात आणि काही तासांपूर्वीचे उरलेले टाकून देतात. घरासाठीही हाच नियम धरावा. शिजवलेले मोती पाकात, झाकून, ओट्यावरच ठेवावेत आणि तीन-चार तासांत संपवावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शिजलेला स्टार्च त्याहून जास्त वेळ बाहेर राहू देणे आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य नाही. लागतील तितकेच शिजवणे, म्हणजे माणशी साधारण ३० ग्रॅम सुके मोती घेणे, हा सर्वांत सोपा उपाय आहे. फ्रीजमध्ये राहिलेले मोती उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकले, तर रचना बरीचशी सुटते आणि ते खाण्याजोगे होतात, पण पहिला लवचिकपणा पूर्ण परत येत नाही आणि बाहेरचा थर सैल पडतो. साठवणे अगदीच आवश्यक असेल, तर पाकासकट मोती पिशवीत पातळ, सपाट पसरून थेट फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे ते फ्रीजच्या त्या घातक तापमानातून लवकर पार होतात. वापरताना ते बाहेर वितळू न देता सरळ उकळत्या पाण्यात सोडावेत.

पेल्यात चामट होण्याचा भाग वेगळा आहे. तिथे बर्फाच्या थंडीने जेल आवळते आणि ते टाळता येत नाही, पण लांबवता येते. मोती पेल्यात पडताना कोमट असले पाहिजेत. पाकातले मोती गार झाले असतील, तर पाकासकट एकदा मंद आचेवर हाताला ऊन लागतील इतपत गरम करावेत, पेल्याच्या तळाशी घालावेत, त्यावर चहा ओतावा आणि पेला लगेच हातात द्यावा. पाहुण्यांसाठी पेले आधी भरून फ्रीजमध्ये लावून ठेवण्याचा मोह आवरला पाहिजे.

घरी मळलेले मोती

पाकिटाऐवजी टॅपिओकाचे पीठ आणून मोती घरी वळणे मला व्यक्तिशः अधिक आवडते, कारण त्यात गुळाचा खरा स्वाद उतरतो आणि ताजे मोती शिजतातही लवकर. अडचण येते ती मळताना. पीठ गोळा होत नाही. परातीत दाबले तर दगडासारखे घट्ट लागते आणि हात काढताच वितळल्यासारखे पसरते. हाताला ही विचित्र हालचाल जाणवली, की निदान झालेच म्हणून समजावे. पाक पुरेसा गरम नव्हता, पिठातला एकही कण शिजला नाही, आणि पुढ्यात आहे ती नुसत्या पाण्यात तरंगणाऱ्या कच्च्या स्टार्चची लापशी. आणखी पीठ घालून ती कधीच सुधारत नाही.

सुधारण्याची रीत अशी. त्या मिश्रणातले दोन मोठे चमचे छोट्या कढईत घेऊन मंद आचेवर सतत हलवत राहावे. अर्ध्या मिनिटात त्याचा पारदर्शक, चिकट गोळा होतो. तो गरम असतानाच उरलेल्या मिश्रणात घालून मळावा. हा शिजलेला भाग कच्च्या कणांना बांधून धरतो आणि दोन-तीन मिनिटांत कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ व एकजीव होते.

मुळात हा प्रसंग येऊ नये म्हणून पीठ भिजवण्याचा क्रमच बदलावा. टॅपिओकाचे पीठ १०० ग्रॅम, गूळ ४० ते ४५ ग्रॅम आणि पाणी ६५ मिलिलिटर हे प्रमाण घ्यावे. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण गुळातली बारीक काडीसुद्धा नंतर मोत्यात तडा पाडते. गाळलेले पाणी पुन्हा खळखळून उकळावे, त्यात एक तृतीयांश पीठ घालून आच बंद करावी आणि चकचकीत खळ होईपर्यंत घोटावे. मग उरलेले पीठ घालून, हाताला सोसेल तितके गरम असतानाच मळावे. कणीक भुरभुरीत वाटली तर उकळते पाणी चमच्या-चमच्याने वाढवावे, गार पाणी चालत नाही. गूळ पिठाच्या निम्म्याहून जास्त घेऊ नये, नाहीतर वर सांगितलेल्या कारणानेच मोती शिजायला रेंगाळतात.

कणीक फार लवकर वाळते. एका भागाच्या वळ्या करून सुमारे सहा मिलिमीटरचे तुकडे पाडताना बाकीची कणीक ओल्या फडक्याखाली असावी. वाळलेल्या कणकेचे मोती शिजताना उकलतात. वळलेले मोती कोरड्या पिठात घोळवावेत, पण शिजवायला टाकण्यापूर्वी चाळणीवर सगळे जादा पीठ झाडून टाकावे, कारण ते पाण्यात गेले की खळ होते. ताज्या मोत्यांना १५ ते २० मिनिटे उकळणे आणि १५ मिनिटे मुरणे पुरते. जास्त झाले असतील, तर कच्चे मोतीच पीठ लावून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि गोठलेलेच उकळत्या पाण्यात टाकावेत. साठवायचे तर असे कच्चे साठवणे शिजवून साठवण्यापेक्षा कितीतरी चांगले.

टॅपिओकाचे पीठ न मिळाल्यास साबुदाणा मिक्सरमध्ये दळून वापरला जातो. साबुदाण्यातला स्टार्च आधीच अर्धवट शिजलेला असल्यामुळे त्याची कणीक चिकट होते आणि मोती पाण्यात ठिसूळ पडतात, म्हणून मी तो सल्ला देत नाही. कॉर्नफ्लोअरही चालत नाही, त्याचे जेल लवचिक नसून तुटक असते. साबुदाणाच वापरायचा असेल, तर तो न दळता, मोठा दाणा घेऊन, भरपूर उकळत्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून, धुऊन, पाकात घालावा. दाणा लहान आणि चव सौम्य असली तरी पेय प्रामाणिक लागते. घरच्या मोत्यांचा रंग दुकानासारखा काळाभोर येत नाही, तपकिरी येतो, हा दोष नव्हे. दुकानांतला काळेपणा बऱ्याचदा कॅरॅमलच्या खाद्यरंगाचा असतो.

गुळामुळे दूध फाटणे

गुळाच्या चहाचा अनुभव असलेल्या घरांना ही अडचण नवी नाही. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात खनिज क्षारही असतात, आणि गरम दुधातील केसीन हे प्रथिन अशा वेळी सहज साकळते. थंड दुधात तेच प्रथिन बरेच सोशिक असते. म्हणून बबल टीत गुळाचा पाक आणि दूध यांची गाठ कधीही गरम अवस्थेत पडू देऊ नये. चहा गाळून गार करावा, दूध फ्रीजमधले घ्यावे आणि बर्फ घातल्यावरच दोन्ही एकत्र करावीत. मोती कोमट असले तरी त्यांच्याबरोबर पेल्यात जाणारा पाक दोन-तीन चमच्यांहून जास्त नसावा. इतके करूनही दूध फाटत असेल, तर गूळ जुना व आंबूस आहे असे समजून चहासाठी साखरेचा पाक वापरावा आणि गूळ मोत्यांपुरताच ठेवावा. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती सांगितली जाते. दूध त्याने वाचते खरे, पण चहाचा रंग काळवंडतो आणि चवीला सपाटपणा येतो.

पेल्याच्या आतून दिसणाऱ्या काळ्या-तपकिरी ओघळांसाठी पाक दाट हवा, हा वरच्या नियमाला अपवाद. तैवानातील तायचुंग शहरात २०१७ मध्ये सुरू झालेल्या टायगर शुगर या दुकानामुळे हा प्रकार जगभर पोहोचला. त्यात चहा नसतो, मोती, दाट पाक आणि थंड दूध इतकेच असते. आपल्याकडे यासाठी काकवीइतके योग्य दुसरे काही नाही. कोरड्या पेल्याच्या आतल्या बाजूला काकवी चमच्याने लावून, पेला फिरवून, मग मोती व बर्फ घालून थंडगार दूध मध्यावरून ओतावे. ओघळ लगेच खाली उतरत असतील तर पेला ओला आहे किंवा काकवी पातळ आहे.

चहा पाणचट किंवा कडवट लागणे

बबल टी तैवानात १९८० च्या दशकात घडली. तायचुंगचे चुन शुई तांग आणि तायनानचे हानलिन या दोन चहागृहांनी तिच्या जनकत्वावर हक्क सांगितला आणि त्यांचा खटला दहा वर्षे चालून २०१९ मध्ये संपला, तेव्हा न्यायालयाने हे पेय कोणीही करू शकते, त्याचे पेटंट नाही, असे म्हणून निर्णयाची गरजच नाकारली. या वादातली एक गोष्ट मात्र घरी करणाऱ्याने लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही बाजूंच्या हकिकतीत मोती नंतर आले, चहा आधीपासून होता. मोत्यांवर तासभर खर्च करून चहा मात्र घाईत उरकला, तर पेय पाणचट होणारच.

आपली सवय चहा पाण्यात रटरट उकळण्याची आहे. गरम चहात आले, साखर आणि उकळलेले दूध त्याचा तुरटपणा झाकतात. थंड पेयात गोडी जिभेला कमी जाणवते आणि तोच तुरटपणा उघडा पडतो. म्हणून पाणी उकळून आच बंद करावी, ३०० मिलिलिटरला १२ ग्रॅम सीटीसी भुकटी, म्हणजे नेहमीची दाणेदार चहापूड, घालावी, झाकण ठेवून चार मिनिटांनी गाळावे आणि चोथा पिळू नये. हे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच जास्त वाटेल, पण बर्फ वितळून त्यात भर पडणार आहे. चहा कमी कडक करून जास्त वेळ ठेवणे हा पर्याय नाही, त्याने कडवटपणा वाढतो, दम वाढत नाही. किराणा दुकानातला आसामचा चहा या कामाला कमी प्रतीचा ठरेल, अशी शंका बाळगू नये. तैवानच्या सन मून सरोवराच्या परिसरातील प्रसिद्ध काळ्या चहाची सुरुवातच १९२५ मध्ये नेलेल्या आसामी वाणापासून झाली. गार चहा फ्रीजमध्ये गढूळ झाला तर टाकून देऊ नये; कॅफिन आणि चहातील रंगद्रव्ये थंडीत एकत्र येऊन तो गढूळपणा येतो, दूध घातल्यावर तो दिसतही नाही.

दुकानातल्यासारखा दाटपणा घरी येत नाही, याचे कारण पुष्कळ दुकाने दुधाऐवजी वनस्पती चरबीपासून केलेली क्रीमर पूड वापरतात. घरी त्याच्या मागे लागण्याची आवश्यकता नाही. ६ टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध घ्यावे, आणि गाळलेला चहा गरम असतानाच त्यात प्रत्येक पेल्यामागे एक मोठा चमचा दुधाची पूड विरघळवावी. दूध तापवून गार केलेले असेल तर ते गाळूनच वापरावे. सायीचा तुकडा स्ट्रॉमध्ये अडकला की मोती वर येत नाहीत, आणि दोष उगाच मोत्यांच्या आकाराला दिला जातो. अर्धा लिटरच्या पेल्याला २०० मिलिलिटर चहा, ८० ते १०० मिलिलिटर दूध, ५० ते ६० ग्रॅम शिजलेले मोती, दोन चमचे पाक आणि उरलेल्या जागेत बर्फ, हे प्रमाण सुरुवातीला धरावे. साखर थेट घालू नये, थंड चहात ती तळाशी बसते.

चहा, दूध, पाक आणि बर्फ घट्ट झाकणाच्या बाटलीत १५ सेकंद जोरात हलवले, की वर बारीक फेस येतो आणि दूध-चहा एकजीव होतात. चमच्याने ढवळून हे होत नाही. गरम चहा मात्र बंद बाटलीत हलवू नये, वाफेच्या दाबाने झाकण उडते.

स्ट्रॉ १० ते १२ मिलिमीटर रुंदीची हवी. ती नसेल तर उंच पेल्याऐवजी पसरट पेला आणि लांब दांड्याचा चमचा द्यावा. लहान मुलांना तर चमच्यानेच द्यावे, कारण स्ट्रॉतून जोराने ओढलेला मोती थेट श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या पेल्यात मोती घालूच नयेत, त्यांना पाक घातलेले थंड दूध पुरेसे आहे.